फॅट कुठं म्हणायचं आणि कुठं गप बसायचं

इंग्लिश बोलायला शिकायचंय? मग क्लासची फी वाचवा आणि सकाळी सहाला दूध डेअरीत जाऊन उभं रहा. कोल्हापूर जिल्ह्यात ‘फॅट’ हा शब्द पोरगं एबीसीडीच्या आधी तिथंच शिकतंय. म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट, 9.0 एसएनएफ (म्हणजे दुधातलं फॅट आणि पाणी सोडून उरलेलं सगळं) हा हिशोब, त्याच्यावर जेवढी फॅट चढंल तेवढा दर चढणार, आणि घसरली की घरात सगळ्यांची तोंडं पडणार, म्हस सोडून. परवा एका काकूंना 7.4 लागली. स्लिप हातात घेऊन त्या लायनीत सगळ्यांना दाखवत होत्या, तेवढ्यात मागच्या पोरानं कौतुकानंच म्हटलं, "काकू, तुमची फॅट वाढली की!" बिचाऱ्याला म्हशीची म्हणायचं होतं. किटली रिकामी होती म्हणून वाचला.

तेव्हा लक्षात ठेवा, दुधाला म्हणा, पगाराला म्हणा, माणसाला म्हणायचं नाही. तसं आपली मराठी तरी कुठं सरळ आहे म्हणा, पगार लठ्ठ असला तर स्थळं चालून येतात आणि जावई लठ्ठ असला की लग्नाच्या अल्बमात त्याला मागच्या रांगेत उभं करतात. मंत्री वजनदार पाहिजे, फाईलवर पण वजन पाहिजे, फक्त तुमचं वाढलं की पाव्हणे म्हणणार, "तब्येत सुधारलीय हं!" म्हणजे आजारी माणूस बरा झाला का बरा माणूस जाड झाला ते तुमचं तुम्ही समजून घ्यायचं.

‘फॅट चान्स’ म्हटलं की खूश होऊ नका, त्याचा अर्थ चान्सच नाही. ‘स्लिम चान्स’ म्हणजे पण जवळपास तेच, मग डाएट करून उपयोग काय हे इंग्रजांनाच विचारा.

‘ओव्हरवेट’ ऐकायचं असलं तर शेअर बाजारात जा. तिथं ब्रोकरनं एखाद्या शेअरला ओव्हरवेट म्हटलं की लोक घ्यायला धावतात. दवाखान्यात तोच शब्द ऐकला की वजनकाट्यावरनं चप्पल काढून परत चढतात, मग पाकीट, मग मोबाईल. तिथं बीएमआय चालतंय, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हा भागाकार एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन माणसानं काढला, आणि तो डॉक्टर नव्हता, गणित आणि ग्रहतारे बघणारा होता. जागतिक तक्त्यात 25 पासून ओव्हरवेट, भारतीयांना मात्र 23 पासूनच, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर गाठते. म्हणजे उंची 5 फूट 7 इंच आणि वजन 70 किलो असंल तर आकडा 24 च्या आसपास येतोय, गोरा माणूस नॉर्मल आणि तुम्ही ओव्हरवेट! शिवाय ह्या भागाकाराला चरबी कुठली आणि मांस कुठलं ते कळत नाही, त्यामुळं तालमीतला चांगला तयारीचा पैलवान पण त्यात ‘ओबीस’ म्हणजे लठ्ठ निघतो. त्याला ही बातमी द्यायचीच असली तर तुम्ही द्या, मी लांबनं बघतो.

आणि हे सगळं पाठ झालं की कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हशीची धार समोर काढून देतात तिथं, जाऊन ‘लो फॅट आहे काय हो?’ विचारून बघा. धार काढणारा काय बोलणार नाही. म्हस मात्र मान वळवून बघती.