‘रिव्हेंजफुल’ हा शब्द आहे, आणि चांगला जुना आहे

इंग्रजी सुधारून देणारा एक मजकूर बराच फिरतो. त्याचं म्हणणं असं: ‘रिव्हेंजफुल’ (सूडाने पेटलेला) हा इंग्रजी शब्दच नाही, तो आपल्याकडच्या लोकांनी पाडला, ‘रिव्हेंज’ला ‘फुल’ जोडणं व्याकरणात बसत नाही, त्याऐवजी ‘व्हेंजफुल’ म्हणा नाहीतर ‘व्हिंडिक्टिव्ह’, अर्थ एकच. हे वाचून बरोबर लिहिणारी मुलंसुद्धा आपलंच वाक्य खोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपण पाडला म्हणे! शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’मध्ये अ‍ॅन सासऱ्याच्या प्रेताशेजारी उभी आहे. त्या सासऱ्याचा खुनी रिचर्ड छाती उघडी करतो, तिला तलवार देऊ करतो आणि म्हणतो, तुझं ‘रिव्हेंजफुल’ काळीज क्षमा करत नसेल तर ही घे, खुपस. हे नाटक १५९७ मध्ये छापून आलं. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० च्या शेवटच्या दिवशी, म्हणजे शब्द कंपनीच्याही आधीचा. हॅम्लेटही ऑफिलियापुढे स्वतःचे अवगुण मोजताना हाच शब्द वापरतो.

व्याकरणाचं तर उलटंच आहे. ‘रिव्हेंज’ हे नाम आहे; ‘होप’चं ‘होपफुल’ होतं तसंच हे. ‘व्हेंजफुल’मधलं ‘व्हेंज’ मात्र क्रियापद, आणि तेही आता वापरातून गेलेलं. आज ‘व्हेंजफुल’ जास्त चालतो, हे खरं. म्हणून दुसरा चूक ठरत नाही.

सगळ्यात घातक आहे ते ‘अर्थ एकच’. मीटिंगमध्ये चूक दाखवली म्हणून वर्षभर रजा अडवणारा साहेब ‘व्हिंडिक्टिव्ह’. आपण त्याला खुनशी म्हणतो, डूख धरणारा म्हणतो. बातम्यांतली ‘सूडबुद्धीने केलेली कारवाई’ही याच जातीची. ‘व्हेंजफुल’मध्ये हा कोतेपणा असेलच असं नाही, त्यामागे खरा, मोठा घाव असू शकतो. दुःशासनाच्या रक्ताची वाट बघत केस मोकळे ठेवणारी द्रौपदी ‘व्हेंजफुल’ आहे. तिला ‘व्हिंडिक्टिव्ह’ म्हटलंत तर भरसभेत तिच्यावर गुदरलं ते क्षुल्लक ठरवलंत.

कायद्याच्या भाषेत तर हे शब्द अदलाबदल करून चालतच नाहीत. ‘व्हिंडिक्टिव्ह डॅमेजेस’ म्हणजे झालेल्या नुकसानीच्या वर, अद्दल घडावी म्हणून द्यायला लावलेली रक्कम. तिथे न्यायाधीशाच्या मनात कसलीही खुन्नस नसते, आणि ‘व्हेंजफुल डॅमेजेस’ असं कुठलाच वकील म्हणत नाही.