बी ठेवायचा हक्क आहे, ठेवण्याजोगं बी कुठे आहे?

घरचं बी राखून ठेवावं, शेजाऱ्याला पायलीभर द्यावं, मागणारा आला तर पैसे घेऊन विकावं. वाण कंपनीच्या नावावर नोंदलेलं असलं तरी वाशिमच्या शेतकऱ्याला हे सगळं कायद्याने करता येतं. मी राहतो त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या शेतकऱ्याला येत नाही. इथल्या गणेशोत्सवात हे कुणाला सांगितलं की ‘काहीतरीच काय’ असा चेहरा होतो, आणि गावाकडे सांगितलं तर धाकटा भाऊ म्हणतो, “मंग जर्मनीवाले आमच्या मागं हायेत म्हण की!”

मागे नाहीत. पण निदान या एका बाबतीत पुढेही नाहीत, आणि सध्याच्या वादात नेमकं हेच कुणी ऐकून घेत नाही.

वाद आहे बियाणे विधेयकाचा. 1966 च्या कायद्याच्या जागी आणायच्या नव्या कायद्याचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये चर्चेला ठेवला. वाणांची सक्तीची नोंदणी, पिशवीवर क्यूआर कोड, गंभीर गुन्ह्याला 30 लाख रुपयांपर्यंत दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद. शेतकऱ्याने स्वतःचं बी राखणं, देणं-घेणं, विकणं याला सूट. फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका तटाच्या मते बियाणं कंपन्यांच्या घशात चाललंय. दुसऱ्या तटात कृषी पदवीधर आणि दुकानदार जास्त. त्यांचं म्हणणं, युरोपात बघा कशी शिस्त आहे, फुकटचं बी वापरायची सवय आधी मोडा. मग दोन्ही तट मला टॅग करतात. मी पडलो यंत्रांच्या धंद्यातला. पण जर्मनीत पीक वाणांची नोंदणी करणारं केंद्रीय कार्यालय याच शहरात आहे आणि आजूबाजूला शेतकरी ओळखीचे आहेत, त्यामुळे थोडंफार कानावर पडत असतं.

आधी आपलं. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 म्हणतं की, संरक्षित वाणाचंसुद्धा बी शेतकऱ्याला राखता, वापरता, पेरता, पुन्हा पेरता, बदलता, वाटता आणि विकता येईल. संरक्षित वाणाचं लेबल लावून पिशवीत भरून विकायचं नाही, एवढीच अट. जगात इतक्या स्पष्ट शब्दांत ‘विकता येईल’ म्हणणारे कायदे मोजकेच. त्याच वर्षी रोममध्ये पीक जनुकसंपत्तीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नवव्या कलमात शेतकऱ्यांचे हक्क मान्य झाले, पण अंमलबजावणी ज्या-त्या देशाच्या सरकारवर सोडली. पुढे 17 डिसेंबर 2018 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकरी आणि ग्रामीण श्रमिकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात बी राखण्याचा, वापरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. बाजूने 121, विरोधात 8, तटस्थ 54. भारत बाजूने, अमेरिका आणि ब्रिटन विरोधात, जर्मनी तटस्थ.

तटस्थ का, हे इथला कायदा पाहिला की कळतं. युरोपीय संघाच्या 1994 च्या नियमात संरक्षित वाणाचं घरचं बी वापरायची सवलत आहे, पण ठरावीक पिकांनाच: गहू, जव, राय, बटाटा, मोहरीवर्गीय तेलबिया अशी ती यादी. लहान शेतकऱ्याला फी माफ. लहान म्हणजे 92 टन धान्य पिकायला जेवढी जमीन लागते तेवढ्याच्या आतला. बाकीच्यांनी कोणतं वाण किती पेरलं ते कळवायचं आणि वाण काढणाऱ्याला फी भरायची. जर्मनीत ती वसूल करायला वाण काढणाऱ्यांची, म्हणजे पैदासकारांची, बॉनमध्ये वेगळी संस्था आहे. ही सवलतही फक्त स्वतःच्या शेतापुरती. शेजाऱ्याला दिलं की ती संपली. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर. म्हणजे उद्या हा नियम आपल्याकडे आला तरी बहुतेकांना फी लागणार नाही. जाईल ते शेजाऱ्याला पायलीभर द्यायचं. ‘युरोपात बघा’ म्हणणाऱ्यांनी हे बघितलेलं नसतं.

आणि त्या यादीत सोयाबीन नाही.

हे भावाला सांगितलं तेव्हा तो खरोखर गप्प झाला, कारण आमच्या घरातला सगळ्यात मोठा बियाण्याचा व्यवहार सोयाबीनचाच. 2020 च्या खरिपात विकतचं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. तेव्हापासून कृषी खातंच घरचं बी वापरा म्हणून गावोगाव सांगत फिरतं. मे महिन्यात आमच्या पारावर कृषी सहायक प्रात्यक्षिक दाखवतात: ओलं गोणपाट पसरायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याभराने उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त कोंब आले तर एकरी तीस किलो नेहमीप्रमाणे. कमी आले तर बी वाढवायचं. सोयाबीनचं टरफल नाजूक, म्हणून मळणीयंत्राचा वेग कमी ठेवायचा, पोती आपटायची नाहीत, थप्पी उंच लावायची नाही. हे आमच्या आईला कुणी शिकवायला नको. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं ‘फुले संगम’ आमच्याकडे आलं तेही दुकानातून नाही, पाहुण्यांच्या गावाहून दोन पोती. ज्या वाणाला युरोपीय संरक्षण आहे त्या सोयाबीनचं बी असं पाहुण्याला देणं सोडाच, पैदासकाराच्या परवानगीशिवाय स्वतःच्या शेतात पुन्हा पेरणंही इथे बेकायदा आहे.

इथल्या शेतकऱ्यांनी हे मुकाट्याने घेतलं असंही नाही. शुलिन नावाच्या शेतकऱ्याच्या प्रकरणात 2003 मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की, त्याने ते वाण पेरल्याची काही खूण हाती नसताना पैदासकाराला उगाच माहिती मागता येणार नाही. पण पकड दुसऱ्या बाजूने आवळत गेली. नोव्हेंबर 2023 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने धान्य घेणाऱ्या व्यापाऱ्यावरच जबाबदारी टाकली: आलेला माल रीतसर बियाण्यातून पिकलाय की नाही, हे त्याने तपासायचं. म्हणजे आपल्या मोंढ्यात अडत्याने शेतकऱ्याला ‘बियाण्याचा कागद दाखवा’ म्हणावं, तसं.

‘लिंडा’ बटाट्याची गोष्ट इथे अजून सांगतात. पिवळ्या गराचा, चवीचा, लोकांच्या आवडीचा बटाटा. 1974 मध्ये नोंदला गेला आणि 30 वर्षांनी संरक्षण संपायची वेळ आली. संपल्यावर कुणीही मोकळेपणी लावावा, असं आपल्याला वाटेल. पण ज्या कंपनीचा तो वाण, तिने त्याआधीच त्याची नोंदणीच मागे घेतली आणि युरोपात यादीत नसलेल्या वाणाचं बियाणं बाजारात विकता येत नाही. इथून जवळच, बारुम गावच्या कार्स्टन एलेनबर्ग या सेंद्रिय शेतकऱ्याने ‘लिंडा वाचवा’ म्हणून लढा उभा केला, आणि 2010 मध्ये लिंडा पुन्हा अधिकृत यादीत आला. मालकी संपली तरी नोंदणीची चावी ज्याच्या हातात, बी त्याचंच राहतं. आपल्या मसुद्यात सक्तीच्या नोंदणीचं कलम वाचताना मला हाच बटाटा आठवत होता.

वसंतात इथे बियाण्यांचे मेळावे भरतात. आजीबाई घरच्या टोमॅटोचं, घेवड्याचं बी कागदाच्या पुड्यांत घेऊन बसतात, पुडीवर पेन्सिलीने नाव आणि साल. किंमत विचारली तर डब्याकडे बोट: ‘देणगी’. विक्री म्हणायचं नाही. आपल्याकडच्या आठवडी बाजारात मेथीचं बी घेऊन बसलेल्या बाईला असा संकोच करावा लागत नाही, आणि यापुढेही लागू नये. गंमत म्हणजे युरोपही थोडा सैल होऊ पाहतोय. नव्या बियाणे नियमाच्या मसुद्यावर युरोपीय संसदेने एप्रिल 2024 मध्ये भूमिका घेतली की, शेतकऱ्यांना आपसात थोड्या प्रमाणात बी देता-घेता यावं. दुसऱ्या बाजूला हाच युरोपीय संघ व्यापार करारांत समोरच्या देशाला ‘यूपॉव्ह’च्या 1991 च्या चौकटीत या, म्हणून आग्रह करतो. वाणांवरची मालकी घट्ट करणारा हा करार. भारताने 2002 मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला होता, पण आत गेला नाही. बरं झालं.

आता पहिल्या तटाला न आवडणारी गोष्ट. जर्मन शेतकरी फी भरतो, कुरकुरतो, पण त्या बदल्यात त्याला काही मिळतं. दरवर्षी प्रत्येक राज्यात वाणांच्या तटस्थ चाचण्या होतात आणि कोणत्या मातीत कोणतं वाण किती उतरलं ते छापून येतं. आणि मुख्य म्हणजे इथला गहू बहुतांशी सरळ वाणांचा आहे, राखला तर पुढच्या वर्षी तसाच उगवणारा. फीमुळे पैदासकाराला सरळ वाण काढणं परवडतं. आपल्याकडे कायदा शेतकऱ्याच्या बाजूने एवढा उघडा आहे की खासगी कंपनीने सरळ वाणावर पैसा घालावाच कशाला? ती संकरित काढते. संकरित बी राखलं की पुढच्या पिढीत फाटतं, त्यामुळे कायद्याने जे कंपनीला दिलं नाही ते निसर्गच देतो. कलम 39 कपाशीवाल्याच्या काय कामाचं? देशातली बीटी कपाशी जवळपास सगळी संकरित. अमेरिका, ऑस्ट्रेलियात तीच सरळ वाणांत आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि धारवाडच्या विद्यापीठाने ‘बीकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण आणलं होतं, राखता येणारं. त्यात मोन्सँटोचं जनुक असल्याचं निघालं आणि 2009 मध्येच ते गुंडाळलं गेलं. त्यानंतरची पोकळी कशाने भरली ते वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारी बंदी असलेली कपाशी उघडपणे लावली. मला तो मार्ग पटत नाही, पण त्यामागची चीड खोटी नव्हती.

म्हणून ‘हक्क वाचवा’ एवढंच म्हणून भागत नाही. राखता येईल असं बी निघतच नसेल तर हक्क राखून करायचं काय? ते काढायचं काम अकोला, परभणी, राहुरीसारख्या विद्यापीठांचं, आणि तिथली शास्त्रज्ञांची रिकामी पदं हा माझ्या मते बियाण्याच्या वादातला पहिला मुद्दा असायला हवा. विधेयकावरच्या कुठल्याच व्हॉट्सअॅप फॉरवर्डमध्ये मला तो दिसला नाही. राहीबाई पोपेरे यांचा पद्मश्री घेतानाचा फोटो मात्र दिवसाआड येतो. राहीबाईंबद्दल आदरच आहे. पण कोंभाळण्याच्या वाल-घेवड्याच्या बीजकोशाने सोयाबीनच्या लाखो हेक्टरांचा प्रश्न सुटत नाही, आणि सगळा भार एका बाईच्या फोटोवर टाकणं हे सरकारला सोयीचं आहे.

सन्मानाचं म्हणाल तर दादाजी खोब्रागडे आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा दीड एकरवाला शेतकरी. धानात वेगळी लोंबी दिसली, ती निवडत निवडत वाण तयार केलं आणि हातातल्या घड्याळावरून नाव पडलं ‘एचएमटी’. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेलं आणि 1998 मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून प्रसारित केलं. पुरस्कार मिळाले, तांदूळ देशभर गेला, दादाजी जून 2018 मध्ये हलाखीत गेले. सहाच महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये शेतकरी हक्कांच्या त्या जाहीरनाम्यावर आपल्या प्रतिनिधीने हो म्हणून बटण दाबलं.

आणि हक्क कायद्यात असूनही कोर्टाची पायरी चुकत नाही. 2019 मध्ये पेप्सिकोने आपला वेफर्सचा बटाटा लावला म्हणून गुजरातच्या चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीच्या घरातले दावे लावले. गदारोळ झाल्यावर मागे घेतले. डिसेंबर 2021 मध्ये पीक वाण संरक्षण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो आदेश बाजूला सारला. इतकं स्पष्ट कलम असताना चार-पाच एकरवाल्याला कोटीची नोटीस येते.

मसुद्यात मला बदल हवा तो एवढाच. एकटा शेतकरी बी विकू शकतो, हे ठीक. पण आमच्या गावच्या शेतकऱ्यांनीच काढलेल्या उत्पादक कंपनीने सभासदांचं निवडक सोयाबीन चाळून, गोणपाटात तपासून, स्वतःचं नाव लावून शेजारच्या गावात विकलं की तो ब्रँड झाला. मग नोंदणी, परवाना, दंड सगळं बड्या कंपनीसारखं. गावाचं नाव, वाण, उगवणीचा टक्का आणि काढणीचा महिना लिहिलेली साधी चिठ्ठी लावायची आणि जिल्ह्याच्या आत विकायचं, एवढी मोकळीक कायद्यातच लिहून द्यावी. भावाच्या ओळखीचे एक अधिकारी म्हणाले, त्या फटीतून बोगस बियाणं शिरेल. 2020 साली उगवलं नाही ते छापील पिशवीतलंच होतं, आणि त्यावर टक्का, लॉट नंबर, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं.