बॅटरी नाही गेली, मेल्यांनो, वायर गेली!

गाडीने नुसतं ‘टक्’ केलं की आमच्याकडे ज्याला त्याला बॅटरीतलं कळायला लागतं. बॉनेट उघडायचं नाही, हात लावायचा नाही, लांबून तंबाखू मळता मळता निकाल द्यायचा, “बॅटरी गेली. नवी टाका.” अरे, गेली म्हणजे कुठे गेली? बघितलीस का तू?

गणपतीच्या चार दिवस आधी दापोलीहून बहिणीला घेऊन गुहागरला येत होतो. डिकीत माटवीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या मांडवीचं सामान, मागच्या सीटखाली नारळांची गोणी, बहिणीच्या मांडीवर तिचं पोर. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली आणि नेहमीसारखी बंद केली. धोपाव्याला फळी पडली, चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक् टक् टक्. डॅशबोर्डवरचे दिवे झक्क लागलेत, हॉर्न वाजतोय, पण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, घेत नाही. मागे मासळीचा टेम्पो, त्याच्यामागे जीप, आजूबाजूला आठ-दहा बाइका, आणि सगळ्यांनी एकदम हॉर्न लावलेला. जसा काही मी हौसेने खाडी बघत बसलोय! शेवटी चौघा जणांनी त्या शेवाळलेल्या चढावर घसरत घसरत गाडी वर ढकलली, सपाटीला सेकंडमध्ये टाकून धक्का स्टार्ट केली. एकाची चप्पल तुटली. भाचा मात्र टाळ्या वाजवत होता.

घराकडे येताना पहिलं गॅरेज दिसलं तिथे थांबलो. तेच ते. “दादा, बॅटरी गेली. सणाला रिस्क कशाला घेता?” सण म्हटलं की माणूस कसा मऊ होतो हे या लोकांना बरोबर ठाऊक. 5,200 ची नवी बॅटरी. जुनी त्यानेच 900 रुपयांना ठेवून घेतली. वर “गॅरंटीवाली आहे, काळजीच नको” असा आशीर्वाद.

गौरीच्या दिवशी सकाळी दारात गाडी. टक्.

मला विचाराल तर त्या क्षणी मी ती गाडी आहे तशी समुद्रात ढकलली असती. नवी कोरी बॅटरी, दहा दिवसही झालेले नाहीत. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, “बॅटरी खराब लागली असेल, बदलून घे.” दुसऱ्याने बॅटरीच्या टोकांवर कोल्ड्रिंक ओतायला सांगितलं. तिसरा म्हणे, लाईट लागतेय ना, मग करंट येतोय, सेल्फची मोटर जळली असणार, खाली उतरवावी लागेल. लाईट लागतेय! अरे बाबांनो, हेडलाइटचा बल्ब 55 वॅटचा, तो साडेचार अँपिअरवर पेटतो. सेल्फला लागतात शे-दीडशे अँपिअर. लाईट तर कुजक्या वायरीवरही लागेल. नळीत बोळा अडकला तरी थेंब थेंब पाणी येतंच की, म्हणून त्या पाण्यावर वाडी शिंपता येईल का?

मग मात्र ठरवलं, आता कोणाला विचारायचं नाही. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट, एकदम ठणठणीत. बायकोला म्हटलं, चावी फिरव आणि धरून ठेव. बॅटरीच्या दोन टोकांवर लावून बघितलं तर 12.1, म्हणजे बॅटरी जागची हललेली नाही. मग मीटरची एक पिन निगेटिव्हच्या शिशाच्या टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर. 4.8 व्होल्ट! तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. बारापैकी जवळजवळ पाच व्होल्ट निगेटिव्हपासून इंजिनला जाणाऱ्या एका काळ्या वायरीने गिळले होते आणि आम्ही बॅटऱ्या बदलत बसलोय. शाळेत व्ही बरोबर आय आर घोकला होता ना? रेझिस्टन्स एक ओहमचा शंभरावा भाग जरी वाढला तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट खलास. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं! पण दोन मिनिटांचे पैसे मागता येत नाहीत, बॅटरीचे मागता येतात.

वायर उघडली ते तर ऐकाच. थिंबलजवळ, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणाजवळ, इन्सुलेशन टेपचे वेटोळे होते, ते आधी सोडवले. आत निळं-हिरवं पीठ. मोरचूद हो, चक्क मोरचूद! पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना घालून आम्ही फवारतो, ते इथे बॉनेटखाली फुकट पिकलं होतं. बॅटरी चार्ज होताना टोकाच्या फटीतून आणि झाकणांतून आम्लाचा बारीक धूर झिरपतो. तो शिशाला लागला की पांढरी बुरशी, तांब्याला लागला की मोरचूद. त्यात आमची हवा. घराच्या मागच्या दारातून समुद्र, दाराच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. असल्या खारट दमटपणात काय टिकणार?

पण खाऱ्या हवेला मी माफ करेन. ज्याने ती वायर आधी ‘दुरुस्त’ केली होती त्याला नाही. थिंबल लहान पडली म्हणून या महाभागाने पक्कडीने तारांचे अर्धे पदर छाटून टाकले होते! उरलेले अर्धे कोंबले, हातोडीने थिंबल चपटी ठोकली आणि वर टेप गुंडाळला. टेपने पाणी बाहेर राहत नाही, आत गेलेलं आतच राहतं. ब्लेडने काळं कव्हर चिरत गेलो तर बोटभर, मग वीतभर, तारा काळ्या कोळशासारख्या, चिमटीत धरल्या की चुरा. तांब्याचा लाल रंग दिसायला सगळी वायर चिरावी लागली. असली वायर घासून काय होणार, तिला फेकूनच द्यायचं.

नवी आणायला चिपळूणला गेलो तर तिथे वेगळीच गंमत. तयार केबल मिळते, बोटाएवढी जाड. मनात म्हटलं, वा! टोक ब्लेडने खरवडलं तर वरचं तांबं निघालं आणि आत पांढरं चकचकीत. अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा! आणि जाडी सगळी रबराची. दुकानदार म्हणतो, “चालतं हो सगळ्यांना.” चालतं म्हणूनच सगळे धक्का मारतात ना! चौथ्या दुकानात अस्सल तांब्याची 25 स्क्वेअर मिलिमीटरची वायर मिळाली, मोजून दीड मीटर, आणि जाडीला जुळणाऱ्या थिंबल. तिथल्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने दाबायच्या मशीनने थिंबल बसवून दिल्या, वर शिंकनळी (तापली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवून गरम केली आणि ओढून दाखवली. एकही शब्द जास्त बोलला नाही. अख्ख्या प्रकरणात हा एकच माणूस भेटला ज्याला काम येत होतं.

टर्मिनल मी घरीच साफ केले. 10 नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडला (पॉझिटिव्ह आधी सोडायला जाल आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी अशी उडेल की पाना चिकटून बसेल), मग खायचा सोडा कोमट पाण्यात घालून ओतला. असा फसफसला की बायको आतून ओरडली, “अहो, तो डबा ठेवा, संध्याकाळी भजी करायचीत!” फेस थांबेपर्यंत ओतत राहिलो, ब्रशने घासलं, पाण्याने धुऊन कोरडं केलं, काचपेपरने शिसं चमकेपर्यंत घासलं. शेवटी पाना आवळून वरून व्हॅसलिन. आवळल्यानंतर हो! आधी ग्रीसचा गोळा थापून मग क्लॅम्प बसवणारेही बघितलेत मी.

चावी फिरवली, अर्ध्या फेरीत गाडी सुरू. इंजिन आणि निगेटिव्हमध्ये आता 0.15. वायर, थिंबल, मजुरी सगळं धरून खर्च साडेसहाशे.

मग डोकं फिरलं आणि त्या पहिल्या गॅरेजला गेलो. म्हटलं, माझी जुनी बॅटरी परत दे, तुझे 900 घे. तिला काही झालंच नव्हतं. तो डोकं खाजवत म्हणाला, “ती होय? ती त्याच दिवशी एका टेम्पोला लावली की, दादा. मस्त चालतेय.”