पावडर कोटिंग नाही तर रंगच नको? जुन्या फ्रेमबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

जुन्या सायकली हाती घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: फ्रेमला घरी दिलेला रंग वर्षभरही टिकत नाही. टिकाऊ म्हणजे फक्त पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी बसवून भट्टीत भाजलेला थर. घरी द्यायचाच असेल तर जुना रंग धातूपर्यंत खरवडावा, गंजावर कन्व्हर्टर (गंजाचं रूपांतर करणारं रसायन) फासावा म्हणजे गंज संपतो, थर जाड द्यावेत आणि वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारावा. आणि हे परवडत नसेल तर जुन्या फ्रेमच्या नादी लागू नये.

या सल्ल्यावर विश्वास ठेवून माणसं धडधाकट फ्रेम भंगारात देतात, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. बोलतोय ते मुख्यतः पोलादी फ्रेमबद्दल; ॲल्युमिनियम आणि कार्बनचा विषय जिथे येईल तिथे वेगळा सांगेन.

पहिला मुद्दा, "घरचा रंग टिकत नाही". पोपडे निघालेले पुष्कळांनी पाहिले आहेत, त्यामुळे अनुभव खोटा नाही. पण पोपडा उचलून त्याची मागची बाजू किती जण बघतात? मागे तांबूस भुकटी चिकटलेली असेल तर गंज न काढताच रंग चढवला होता. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर खालचा पृष्ठभाग घासला नव्हता किंवा त्यावर तेलाचा अंश राहिला होता. प्राइमर (रंगाखाली द्यायचा पहिला थर) फ्रेमवर तसाच आहे आणि नुसता रंग सुटलाय असं दिसलं, तर प्राइमर आणि रंग यांचं आपसात जमलं नाही, किंवा प्राइमर बरेच दिवस वाळल्यावर त्यावर पॉलिश पेपर न मारताच रंग दिला. तिन्ही वेळा दोष डब्यातल्या रंगाचा नव्हता.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रमात. माणसं आधी घासतात आणि मग पुसतात. सायकलवर चेनचं तेल, ग्रीस, जुनं पॉलिश वर्षानुवर्षं बसलेलं असतं. आधी पॉलिश पेपर मारला की ते तेल नव्या ओरखड्यांत भरलं जातं आणि तिथून ते काढणं अवघड होतं. म्हणून आधी साबणाचं गरम पाणी आणि डीग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण), मग घासकाम, मग पुन्हा स्वच्छ फडक्यावर थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणं. फडकं सतत बदलायचं, नाहीतर एका नळीचं तेल दुसरीला लागतं. रॉकेलवर थांबू नका. रॉकेलनं पुसलेली फ्रेम स्वच्छ दिसते, पण वाळल्यावरही तिच्यावर तेलकट पापुद्रा राहतो. सिलिकॉनचं पॉलिश पूर्वी कधी वापरलेलं असेल तर आणखी जपायला हवं; त्याचा किंचित अंश राहिला तरी ताजा रंग तिथे गोल गोल फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

फ्रेम खरोखर स्वच्छ झाली का, हे कळायला साधनं लागत नाहीत. घासकाम झाल्यावर तिच्यावर पाणी ओता. पाणी अखंड पदरासारखं पसरून राहिलं तर ठीक. थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथे अजून तेल आहे. ही चाचणी धातूवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतही वापरतात. मी ती केल्याशिवाय प्राइमरचा डबा उघडत नाही. पाणी मात्र नंतर लगेच पुसून फ्रेम पूर्ण कोरडी करायची.

दुसरा मुद्दा, "टिकाऊ म्हणजे फक्त पावडर कोटिंग". पावडर कोटिंग चिवट असतं हे मान्यच आहे. विद्युतभारित भुकटी धातूवर बसवून ती साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली की वितळून एकसंध थर होतो. तो बहुधा ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि छोट्या आपटण्याला चांगला पुरून उरतो. पण तोही खालच्या तयारीवरच उभा असतो. माझ्याकडे आलेल्या एका फ्रेमचं कोटिंग संत्र्याच्या सालीसारखं हातात आलं, कारण खालचा पृष्ठभाग नीट तयारच केला नव्हता. पावडरच्या थराला एकदा टवका उडाला की पाणी कडेनं आत सरकतं आणि वरून काही न दिसता खाली गंज पसरत जातो. शिवाय टवक्यापुरती पावडर पुन्हा लावता येत नाही. तिथे साधा रंगच भरावा लागतो.

पावडरच्या जाड थरानं लगच्या (नळ्या जोडणाऱ्या खोबण्यांच्या) नाजूक कडा बुजतात, बारीक तडाही झाकला जाऊ शकतो. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलांचा आस बसतो त्या खालच्या नळीच्या) आट्यांत आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) तोंडावर कोटिंग गेलं तर बेअरिंगचे कप बसत नाहीत, मग आटे आणि भोक साफ करायला टॅप आणि रीमर ही हत्यारं चालवावी लागतात. भट्टीच्या उष्णतेनं नळ्यांच्या आतलं गंजरोधक तेलही जातं, ते पुन्हा घालायला हवं. कार्बनची फ्रेम किंवा नळ्या चिकटवून जोडलेली फ्रेम तर या भट्टीत घालूच नये. ॲल्युमिनियमबाबत तापमान आणि वेळ यांवर कडक लक्ष हवं, कारण ६०६१ सारख्या मिश्रधातूला ताकद देणारी उष्णताप्रक्रिया याच तापमानाच्या आसपास होते.

आणि जुन्या काळ्या रोडस्टर सायकली आठवा. त्यांच्या फ्रेम एनॅमलमध्ये (वाळून कडक, चकचकीत होणाऱ्या रंगात) बुडवून भट्टीत भाजत. भुकटी विद्युतभारानं फवारण्याचं तंत्र १९६० च्या दशकात आलं. त्याच्या आधीच्या कित्येक सायकलींवरचा मूळ रंग अजून धरून आहे. टिकाऊपणा एका तंत्राच्या मालकीचा नाही, हे त्या सायकलीच सांगतात.

तिसरा, "धातूपर्यंत खरवडा". इथे तर वेळ, पैसा आणि फुप्फुसं तिन्हींचं नुकसान आहे. कारखान्यात दिलेला जुना रंग जिथे घट्ट आहे, तिथे त्याच्याइतका चांगला पाया तुम्हाला घरी करता येणार नाही. तो घट्ट आहे का हे तपासायची पद्धत सोपी आहे. धारदार पात्यानं सुमारे २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा धातूपर्यंत मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर तो रंग काढू नका. ३२० ते ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं त्याची चमक तेवढी मारा. टवके उडालेल्या जागी १२० पासून सुरू करून कडा इतक्या उतरत्या करा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी पायरी लागू नये.

पूर्ण काढावाच लागतो तो रंग वेगळा: पट्टीबरोबर चौकोन येतात, फुगे आलेले आहेत, किंवा आधी कोणीतरी चार-पाच हात चढवून ठेवलेत. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. ओलं घासा, गाळ गोळा करा, मुलांना दूर ठेवा. मिथिलीन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर बंद खोलीत वापरून माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याची ग्राहकांना विक्री याच कारणानं बंद झाली. कार्बनच्या फ्रेमला तर कुठलंही रसायन लावून रंग काढू नये. आणि पोलाद उघडं केलंत तर त्याच दिवशी प्राइमर द्या. दमट हवेत उघड्या पोलादावर काही तासांत तांबूस झाक येते.

"कन्व्हर्टर फासला की गंज संपतो." नाही संपत. फॉस्फोरिक आम्लाचे कन्व्हर्टर गंजाचं लोह फॉस्फेट करतात, टॅनिक आम्लाचे त्याचं काळं टॅनेट करतात. पण हे घडतं ते पातळ, घट्ट बसलेल्या गंजापुरतं. खपली जाड असेल तर वरचा भाग काळा होतो आणि खालचा तसाच राहतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वाढला की वरचा रंग उचलतोच. आधी तारेचा ब्रश आणि पेपर, मग खळग्यांत उरलेल्या गंजाला कन्व्हर्टर, आणि त्यावर प्राइमर. झिंक-रिच (जस्ताची भुकटी भरपूर असलेला) प्राइमर घेणार असाल तर तो थेट उघड्या पोलादावरच द्या. त्यातलं जस्त पोलादाला टेकलेलं असतं तेव्हाच ते पोलादाऐवजी स्वतः झिजतं. कन्व्हर्टरवर किंवा जुन्या रंगावर दिलं की त्याचा तो गुण वाया जातो.

शिवाय पुष्कळ फ्रेम आतून सडतात. सीट पोस्टच्या (सीटखालच्या दांडीच्या) फटीतून पाणी उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं. बाहेर जगातलं सर्वोत्तम कोटिंग असलं तरी आतल्या बाजूला त्याचा काडीचा उपयोग नाही. रंग वाळल्यावर नळ्यांत मेणाचं गंजरोधक किंवा जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जादा तेल निथळू द्या. तेलाचे फडके मात्र बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जाड थराबद्दल थोडक्यात. जाड थराची वरची साय आधी धरते, आतलं थिनर कोंडतं आणि रंग आत मऊच राहतो. वर ओघळ येतात ते निराळे. पातळ तीन हात एका जाड हातापेक्षा केव्हाही भले. डब्यावर पुढच्या हाताची वेळ लिहिलेली असते ती पाळा. सिंथेटिक एनॅमलच्या स्प्रेला अनेकदा तासाभरात किंवा थेट एक-दोन दिवसांनी पुढचा हात चालतो. अधल्यामधल्या वेळेत मारला की खालचा थर सुरकुततो.

क्लिअर कोटचं तर सरसकट विधानच चूक आहे. मेटॅलिक रंगाला तो हवा. एकरंगी ग्लॉस एनॅमलला त्याची गरज नाही, आणि पुरतं न वाळलेल्या एनॅमलवर लॅकरचा (तीव्र थिनरच्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचा) क्लिअर मारला तर खालचं सगळं सुरकुतून जाईल. हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा क्लिअर खरोखर कणखर असतो, पेट्रोललाही दाद देत नाही. पण त्यात आयसोसायनेट ही घातक रसायनं असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. योग्य श्वसनसाधन नसेल तर घरी तो फवारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा मुद्दा, "परवडत नसेल तर नादी लागू नका". फ्रेम सोडून द्यायची कारणं वेगळी आहेत: हेड ट्यूबच्या सांध्याशी किंवा मागच्या दांड्यांवर तडा, गंजानं पोखरून अंगठ्याच्या दाबानं दबणारी नळी. अशा फ्रेमला रंग देणं धोक्याचं आहे, पैसे असले तरी.

बाकी फ्रेमला किती रंग लागतो याचा हिशेब करू. नळ्यांची लांबी आणि घेर धरला तर फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मिळून पृष्ठभाग सुमारे एक तृतीयांश चौरस मीटर भरतो. एक लिटर एनॅमलमध्ये साधारण दहा चौरस मीटरवर एक हात होतो. म्हणजे एका हाताला तीसेक मिलिलिटर, तीन हातांना शंभर. बाजारातला लहान डबाच पुरतो. स्प्रेचा बराचसा रंग मात्र बारीक नळीला चुकवून हवेत जातो. म्हणून पैसा कमी असेल तर मी ब्रश सुचवतो: मऊ केसांचा चांगला ब्रश, एनॅमलमध्ये थोडं थिनर, फ्रेम हेड ट्यूबमधून दोरीनं टांगलेली, हवा कोरडी आणि धूळ नसलेली. हातांमध्ये ६०० नंबरचा वॉटर पेपर. ब्रशच्या रेषा एनॅमल स्वतःच बऱ्याच भरून काढतं. वाचलेला पैसा चांगल्या प्राइमरवर घाला. तिथे काटकसर करू नका.

रंगाआधी बॉटम ब्रॅकेटच्या आट्या, हेड ट्यूबची तोंडं आणि सीट ट्यूबचा आतला भाग झाकून घ्या. बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला क्रमांक असेल तर त्याचा फोटो काढा आणि तो रंगानं बुजू देऊ नका. सायकल चोरीला गेली तर ओळख पटवायला तोच कामी येतो.

मग थांबायचं. एनॅमल हाताला दुसऱ्या दिवशी कोरडं लागतं, पण हवेतल्या ऑक्सिजननं ते पुरतं कडक व्हायला काही आठवडे जातात. माझ्या अनुभवात सर्वाधिक रंग इथेच बिघडतात: तिसऱ्या दिवशी क्लँप आवळला जातो आणि त्याखालचा रंग चुरगळतो. बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी नख दाबून बघा. ठसा उमटतोय तोवर जोडणी करू नका. जोडताना केबल जिथे घासतात तिथे आणि चेनजवळच्या दांडीवर पारदर्शक टेप लावा. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवा राहून साय धरणार नाही. पहिला टवका उडेल त्या दिवशी जागा पुसून, पेपरनं घासून काडीच्या टोकानं रंग भरला की काम झालं.