चुना-सोड्याने चामखीळ ‘मुळासकट’ जाते का?

चामखिळीवरचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: चामखीळ रक्त बिघडल्याने येते, खाण्याचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला की ती एका रात्रीत मुळासकट गळते, नाहीतर तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधावा, डॉक्टरांकडे मात्र जाऊ नये, कारण हत्यार लागले की तिचा कर्करोग होतो. केसाच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, बाकीच्या दाव्यांत नाही.

रक्ताचा येथे काहीही संबंध नाही. बोटांवर, नखांच्या कडेला किंवा गुडघ्यावर उगवणारी खरखरीत चामखीळ ही ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची करामत असते. चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढून त्वचेत टोचला तरी नवी चामखीळ येते, हे इटलीच्या जुझेप्पे चुफ्फो यांनी १९०७ मध्येच दाखवले होते. हा विषाणू बारीकशा खरचटीतून शिरतो आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच राहतो. त्यामुळे रक्तशुद्धीच्या काढ्यांचा त्याच्यावर परिणाम होण्याचे कारण नाही. नखे कुरतडणाऱ्या मुलांच्या बोटांवर चामखिळी पसरतात त्या या खरचटींमुळेच.

चामखिळीला मूळही नसते. तळपायाची चामखीळ खरवडल्यावर जे काळे ठिपके दिसतात, ती मुळे नसून रक्त गोठलेल्या केशवाहिन्या असतात. काढलेली चामखीळ पुन्हा येते, कारण भोवतालच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेत विषाणू शिल्लक असतो.

चुना-सोड्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. ओलाव्यात या दोहोंची अभिक्रिया होऊन कॉस्टिक सोडा तयार होतो, म्हणजे तुंबलेली मोरी साफ करण्यासाठी वापरतात तोच पदार्थ. त्याला चामखीळ आणि चांगली कातडी यांतला फरक कळत नाही. शिवाय कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा दाहक पदार्थ) ऊतींना विरघळवत खोल उतरत जाते, म्हणून भाजल्याची जखम सुरुवातीला दिसते त्याहून मोठी निघते. खपली पडली की ‘चामखीळ गळाली’ असे वाटते, पण मागे व्रण राहतो. मधुमेही व्यक्तीच्या पायावर असा प्रयोग केल्यास जखम चिघळून पाय धोक्यात येऊ शकतो. बिब्ब्याचे तेल लावण्याबाबतही हीच भीती आहे.

घोड्याच्या केसाने गळतात त्या मानेवर किंवा काखेत बारीक देठाने लोंबणाऱ्या मऊ गाठी, आणि त्या विषाणूच्या चामखिळींहून निराळ्या असतात. देठ आवळल्याने रक्तपुरवठा तुटून त्या वाळतात खऱ्या, पण त्यात जंतुसंसर्गाची जोखीम असतेच. बोटावरच्या बसक्या चामखिळीला केस बांधायला देठच नसतो.

‘आम्हाला गुण आला’ हे अनुभव खोटे म्हणता येत नाहीत, परंतु मुलांमधील सुमारे निम्म्या चामखिळी वर्षभरात आणि जवळपास दोन-तृतीयांश दोन वर्षांत आपोआप जातात. त्या काळात जे काही लावले असेल, श्रेय त्याच्या खात्यावर जमा होते.

खरा घरगुती उपाय सॅलिसिलिक ॲसिडचा आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. चामखीळ पाच मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी, मऊ झालेला थर वेगळ्या ठेवलेल्या कानशीने घासावा, भोवती व्हॅसलीन लावून औषध फक्त चामखिळीवर ठेवावे, आणि हे रोज, प्रसंगी बारा आठवडे करावे. चेहरा, जननेंद्रिये आणि मधुमेहींचे पाय यांवर ते स्वतःहून लावू नये. त्वचारोगतज्ज्ञ उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात किंवा भूल देऊन विजेने जाळतात. गोठवण्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा लागतात. यांतला कोणताही उपाय हमखास नाही, आणि तशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कर्करोगाच्या भीतीचे कारण समजण्याजोगे आहे. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतले १६ व १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी निगडित आहेत. हातावरच्या साध्या चामखिळी मात्र सहसा २, २७, ५७ यांसारख्या प्रकारांमुळे होतात. त्या गोठवल्याने किंवा जाळल्याने कर्करोग होत नाही. उलट, उतारवयात नव्याने आलेली, झपाट्याने वाढणारी, रक्त येणारी किंवा एकाच नखाखाली वर्षानुवर्षे टिकून राहिलेली गाठ चामखीळ समजून घरी जाळू नये. तिचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो.