हिशोबाच्या वहीतलं 'किरकोळ'

2025 च्या सप्टेंबरमधे जीएसटी कमी झाला, आइसक्रीम चॉकलेट बिस्किटं 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला तो अजून विझलेला नाही. काकांनी लिहिलं, स्वस्त झालं म्हणून रोज खायचं का? त्यावर भाचा, ज्याला नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात नोकरी लागून जेमतेम वर्ष झालंय, तो म्हणाला मी आठवड्यातून दोनदा धरमपेठेत 220 रुपयांची कॉफी पितो आणि पिणार. मग काकांचा हिशोब आला, महिन्याचे पावणेदोन हजार होतात, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाक आणि वीस वर्षांनी बघ. मग बाबा बोलले, मग मावशी, सगळे आपापल्या जागी ठाम.

मी हे सगळं गोथेनबर्गला ट्राममधे बसून वाचत होते. स्वीडनमधे येऊन मला सहा वर्षं झालीत, नागपूरच्या फ्लॅटचा हप्ता इथून जातो, त्यामुळे पैसा जपून वापरणं म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. तरी मला वाटतं काकांचा गुणाकार बरोबर असूनही ते चुकून राहिले, आणि भाचाही पूर्ण बरोबर नाही.

इथे ऑफिसात फीका असतो, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळे उठून कॉफी घेतात, सोबत काहीतरी गोड, आणि बसून बोलतात. पहिल्या वर्षी मी जायचेच नाही. कॅफेत एक दालचिनीचा बन 40 क्रोनरच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे-चारशे रुपये, आणि माझं डोकं प्रत्येक वस्तूचे रुपये करायचं, बाप्पा एवढ्यात तर तिकडे चार जणांचे तर्री पोहे होतात! हागा नावाच्या जुन्या वस्तीत ताटाएवढे बन मिळतात, तिथून रोज वास घेत जायचे पण आत पाय ठेवला नाही. आठ महिने असे काढले आणि मग नोव्हेंबरमधे, चार वाजताच अंधार पडायला लागल्यावर, एका रात्री एकटीने हॉटेलमधून तीन भाज्या, बिर्याणी, गुलाबजाम असं सगळं मागवलं, वर नको असलेला एक महागडा कोट घेतला. आठ महिन्यांत न खाल्लेल्या बनांचे पैसे एका रात्रीत गेले आणि खाल्लेलं धड गोडही लागलं नाही.

नंतर शेजारच्या घरातल्या लहान पोरांमुळे मला शनिवार कळला. इथे लोर्दासगूदिस म्हणतात, शनिवारच्या गोळ्या-चॉकलेटं. पोरं दुकानात जातात, कागदी पिशवीत आपल्या हाताने सुटी कँडी भरतात, वजन होतं, पैसे देतात, आणि मग पुढच्या शनिवारपर्यंत बंद. ह्यामागची गोष्ट चांगली नाही, तीही सांगायलाच हवी. 1940 च्या दशकात लुंडजवळ विपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून त्यांचे दात किडवले, साखरेने दात कसे किडतात हे बघायला. त्या माणसांची कुणी परवानगी घेतली नव्हती. त्यातूनच पुढे सल्ला निघाला की रोज थोडं थोडं खाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खा. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं आणि आजही त्या पिशव्या बघताना आठवतं.

पण दिवस ठरलेला असण्यात जे सुख आहे ते मी त्या पोरांच्या तोंडावर बघितलंय, त्यांचा शुक्रवारसुद्धा आनंदात जातो.

दुसरी गोष्ट मला इथल्या कायद्यात सापडली. ज्यांच्याकडे काहीच उत्पन्न नाही त्यांना इथे सरकारी मदत मिळते, तिचं प्रमाण ठरवताना खर्चाची यादी असते, त्यात जेवण, कपडे-चपला, साबण-बिबण तर आहेच, पण 'फुरसत आणि खेळ' असाही रकाना आहे, वर्तमानपत्राचाही. सगळ्यात गरीब माणसाच्या हिशोबात! मी ते दोनदा वाचलं. कुणीतरी बसून ठरवलंय की माणसाला पोळी लागते तसा थोडा विरंगुळाही लागतो, आणि त्याला नाव देऊन रकाना केलाय.

मग मला आईची वही आठवली. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो, बाबा शिक्षक, एकाच्या पगारात सहा जण. आईची लांबट हिशोबाची वही, दूध, किराणा, भाजी, रॉकेल, शाळेची फी, आणि सगळ्यात शेवटी 'किरकोळ'. त्या किरकोळमधे झाडू यायचा, सुई-दोरा यायचा, आणि पगाराच्या दिवशीचे समोसेही तिथेच यायचे. उन्हाळ्यात एकदा बर्डीच्या बाजारात जाऊन उसाचा रस, तोही किरकोळ. तान्ह्या पोळ्याला आम्ही लाकडी बैल घेऊन घरोघरी जायचो, बोजारा मिळायचा, तेवढे पैसे मात्र वहीत जायचेच नाहीत, ते आमचे, कुणी विचारायचं नाही काय केलं म्हणून. आता वाटतं आईबाबांकडेही हे सगळं होतं, फक्त त्याला ते मजा म्हणायला लाजायचे. स्वतःवर खर्च केला असं लिहायचं कसं, म्हणून झाडूच्या शेजारी लपवायचं.

म्हणून काका जेव्हा म्हणतात की आमच्या वेळी असले लाड नव्हते, तेव्हा मला म्हणावंसं वाटतं की होते काका, तुम्हीच तर पगाराच्या संध्याकाळी पुडा हातात घेऊन यायचे.

आता काकांच्या बाजूचंही सांगते कारण ते भीतीपोटी बोलतात आणि ती भीती खरी आहे. इथे मी डॉक्टरकडे गेले तर वर्षभरात साधारण दीड हजार क्रोनर भरले की पुढच्या भेटी फुकट, पोरांच्या शाळेला फी नाही. बन खाताना माझ्या मागे ही सगळी व्यवस्था उभी असते, मी त्यासाठी टॅक्स भरते. नागपुरात एक माणूस आठ दिवस खासगी दवाखान्यात राहिला की दहा वर्षांची बचत जाते, आमच्या घरात हे झालंय. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांतही 2022-23 ला घरांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या 5 टक्क्यांच्या आसपास खाली आली होती. तेव्हा इथे बसून "मजा करा" म्हणणं मला शोभत नाही.

पण भाच्याचा धोका कॉफीत नाहीये. मी त्याला फोनवर विचारलं, कॉफी सोडून महिनाभरात काय काय मागवलं ते वाच. तो यूपीआयची यादी वाचत गेला आणि मधेच गप्प झाला, रात्री अकराचे मोमो, पाऊस आला म्हणून भजी, हप्त्यावरचे इअरबड, आणि बऱ्याच गोष्टी तर त्याला आठवतच नव्हत्या. कॉफी मात्र प्रत्येक आठवत होती, कोणासोबत, काय बोलणं झालं. मी म्हटलं अरे मग कॉफी ठेव ना, तिला नाव देऊन हजार-दोन हजार महिन्याच्या एक तारखेलाच बाजूला काढ, एसआयपीच्या शेजारी, आणि जे आठवतही नाही ते बंद कर. त्याला पटलं असं वाटलं, बघू.

मी स्वतः आता दर शनिवारी हागाला जाते. महिन्याचे 250 क्रोनर त्यासाठी वेगळे, त्याचे रुपये करत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला जुनी वही काढायला लावली. 1998 चं पान, किरकोळ 14 रुपये. आई म्हणाली ह्यात आठ रुपयांचे समोसे होते, तुझ्या चौथीच्या निकालाचे. सत्तावीस वर्षांनी तिला ते आठवत होतं आणि झाडू कधी घेतला ते नाही. मी म्हटलं आई, ह्या महिन्यापासून वेगळा रकाना कर, तुमचा दोघांचा रविवार, किरकोळमधे नको. बाबा मागून म्हणाले, दोन म्हाताऱ्यांना काय लागतं. आईने तरी पेन घेतला आणि विचारलं, नाव काय लिहू? बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाही, मग म्हणाले, तर्री पोहे लिही.