रनवे हाय म्हणून विमान येतंय व्हय?

काल नांदेडात वजिराबादला चहाच्या टपरीवर निस्ता कल्ला. झालं काय तर लकीचा मामा पंजाबातून आला, आदमपूरहून विमानानं, मधी दिल्लीजवळच्या हिंडनला टेकून नांदेड. लकीला लई चेव चढला होता, म्हणे आदमपूर आन हिंडन दोन्हीकडं एअरफोर्सचा तळ, कोपऱ्यात एक टर्मिनल उभं केलं की झालं एअरपोर्ट, रनवेचा खर्चच नाही!

बालाजी लगेच, मग लढाईतले जुने रनवे पडून हायेत ते कामून वापरत नाहीत?

मी म्हणलो वापरलेत की गा, ओडिशातलं झारसुगुडा दुसऱ्या महायुद्धातलं, २०१८ ला चालू झालं, आसामचं रूपसी पण तसलंच, २०२१ ला. पण फुकटात काय मिळतंय, जमीन. तवाची पट्टी आताच्या विमानाला पुरत नाही, म्हणजे लांबी वाढवा, वरून नवा थर टाका, कंपाउंड, टॉवर, आगीचे बंब, सगळं नव्यानंच. आन चालू तळावर गेलात तर भाडेकरू तुम्ही, मालक एअरफोर्स. पुण्याला लोहगावला बघा ना, विमान कधी उतरायचं ते त्यांच्या टाइमटेबलावर. मामाला तर फोटो काढू नका म्हणून दम मिळालता, आन दिल्ली दिल्ली म्हणत उतरला कुठं, गाझियाबादात!

"आपलं नांदेडचं एअरपोर्ट तर मिलिटरीचं बी नव्हतं," बालाजी म्हणला, "तरी बंद पडलतंच की."

हे मात्र खरं बोलला गडी. २७ एप्रिल २०१७ ला सरकारची स्वस्त विमानाची उडान योजना सुरू झाली त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान उडालं, आन पुढं सेवा बंद. रनवे काय उठून गेलता का कुठं? योजनेतली सबसिडी तीन वर्षं, त्याच्या पुढं शिटा भरणारं पब्लिक पाहिजे. दरभंग्याला बी एअरफोर्सचाच तळ, पण दिल्ली-मुंबईला कामाला जाणारे बिहारी हायेत म्हणून चालतंय ते. आपल्याकडं हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्याचे शीख यात्रेकरू हायेत, म्हणून शहात्तर शिटांचं का होईना विमान परत आलं.

"म्हणजे आमच्यामुळं!" लकी.

हो बाबा, तुमच्यामुळंच. पण मामानं जातानाचं तिकीट सचखंड एक्स्प्रेसचं काढलंय. दीड दिवस लागला तरी चालंल म्हणे, सामान लई हाय.